मळ सोडून वजन

४ फेब्रुवारी

चिमे,

गेल्या पत्रानंतर माझ्या हाताने झालेलं: कोटाचे ब्रश बेचाळीस. बुटांचे साठ, त्यांतले तीन मनासारखे उतरले नाहीत म्हणून मोडले, म्हणजे सत्तावन्न. दाढीचे अकरा. पॉलिश करणाऱ्या सुताराला चपटे एकोणीस. घड्याळजीला एक, फक्त सात केसांचा. त्याने भिंगातून मोजून घेतले, सातच भरले. शिवाय तुझ्या वहिनीला एक स्टूल, तीन पायांचं. चौथा पाय मुद्दामच दिला नाही. तीन पायांचं स्टूल कधी डुगडुगत नाही, हे मला कुठल्या शाळेने शिकवलेलं नाही.

आता तुझ्या पत्राकडे येतो. शिट्टीला कुत्रं हवंय. तिच्या छातीचं तुला भय आहे. तुझ्या डेपोतल्या तिकीटवालीने सांगितलं की काही जातींचे केस गळतच नाहीत, तर अशी जात कोणती, असं तू विचारतेस. योग्य माणसाला विचारलंस. गळतच नाही असा केस जगात नाही. ज्याला मूळ आहे तो कधीतरी सुटणार. प्रश्न फक्त किती, एवढाच. आणि ‘किती’ हा शब्द आला की तिथे तराजू लागतो, तिकीटवाली नाही.

अठ्ठावीस वर्षं मी केस हाताळतोय. घोड्याचा, बोकडाचा, डुकराचा. डोळे मिटून हातात दे, अंगावरचा की शेपटीचा तेही सांगतो. कुत्र्याचा केस आमच्या धंद्यात चालत नाही म्हणून तेवढा शिकायचा राहिला होता. इथे कुत्र्यांची हजामत करणारा एक जण आहे, माझ्याकडूनच ब्रश नेतो. दर रविवारी त्याच्याकडे जाऊन बसतो. तू घाई करू नकोस. अकरा वर्षांची पोर, छातीत वाजतं म्हणून आपणच तिचं नाव शिट्टी पाडलं. आता तिला सोबतही आपणच बघून द्यायला हवी. तिच्या केसालाही धक्का लागणार नाही अशी जात शोधून देतो.

तुझा दादा


११ फेब्रुवारी

दादा,

तुझ्या पत्राच्या सुरुवातीची ती यादी मी नेहमी सोडून देते, हे तुला आज सांगून टाकते. शिट्टी मात्र आधी तीच वाचते. सात केसांच्या ब्रशचं तिने वर्गात सांगितलं. कोणाचा विश्वास बसला नाही, म्हणून ती दोन दिवस फुगून होती. अगदी मामावर गेली आहे.

मी छातीच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “केस कमी गळतात म्हणजे त्रास कमी, असं काही नक्की नसतं. जात बघून आणू नका. जे कुत्रं आणायचं त्याच्याजवळ हिला आधी तीन-चार वेळा नेऊन बसवा, तास तासभर. मग ठरवा.” का नक्की नसतं, असं विचारणार होते, तेवढ्यात बाहेर कोणाचं तरी बाळ भोकाड पसरून रडायला लागलं आणि त्यांनी पुढच्याला आत बोलावलं. तुला कळवायचं म्हणून कळवते.

मला स्वतःला विचारशील तर कुत्र्याची हौस शून्य. पण तुझे मेहुणे वीस दिवस ट्रकवर, पाच दिवस घरी, आणि त्यातले दोन झोपेत. चौकशीच्या खिडकीत बसून दिवसभर मी लोकांना त्यांची गाडी कधी येईल ते सांगते. माझी गाडी कधी येईल ते मला कोणी सांगत नाही. शाळा सुटल्यापासून माझी पाळी संपेपर्यंत पोर तीन तास एकटी. खाली खेळायला गेली की बाकीची पळतात, ही पायरीवर बसते. परवा म्हणाली, “आई, मला पळणारं कोणी नको. माझ्या बरोबरीने चालणारं हवं.”

चिमी


१९ मार्च

चिमे,

हातून झालेलं: बुटांचे तीसच. कोटाचे बारा. दाढीचे शून्य. तुझी वहिनी म्हणते, कुत्र्यांच्या नादात धंदा गळतोय, त्याचं वजन कोण करणार? म्हणू दे. आणि एक तराजू. पितळेची दोन पारडी, दांडी रेशमाच्या दोऱ्यावर. सात केसांनी झुकतो. घड्याळजी म्हणाला, विकत मिळाला असता की. मी म्हटलं, तराजू विकतचा चालतो तर उत्तरही विकतचं का घेऊ नये?

सहा रविवार झाले. पद्धत नीट वाच. ब्रश एकच, माझ्या हातचा. प्रत्येक कुत्र्याच्या पाठीवर वीस हात, डाव्या कुशीवर वीस हात, जोर सारखा. ब्रशात आले तेवढे सगळे केस पाकिटात, पाकिटावर नंबर. घरी आणून साबणाने धुवायचे, सोड्याच्या पाण्यात उकळायचे, सावलीत दोन दिवस वाळवायचे आणि मग पारड्यात. आमच्यात जाणता माणूस कच्चा केस तोलत नाही. मी नवखा असताना एक दलाल मला कच्चा माल तोलून देत असे. शंभर ग्रॅममागे तीस ग्रॅम नुसता मळ निघाला. त्या दिवसापासून माझा नियम आहे: मळ सोडून वजन.

निकाल असा. लॅब्रडॉर, दोन ग्रॅमच्या वर. आमच्या गल्लीतला बेवारशी, एक ग्रॅम दहा शतांश. शित्झू, बारा शतांश. श्नॉझर, नऊ शतांश. पूडल, मध्यम उंचीचं, कुरळ्या केसाचं: तीन शतांश. तीनदा तोललं, तीनच. तो कुत्र्यांचा न्हावी म्हणतो, “हे मी पहिल्याच रविवारी सांगितलं असतं, साहेब.” सांगणं वेगळं आणि तोलणं वेगळं. तक्ता करून दुकानात भिंतीला लावला आहे.

आता तुझ्या डॉक्टरीणबाई. मला त्यांच्याबद्दल आदर आहे; पण ‘नक्की नसतं’ याला उत्तर म्हणत नाहीत. त्यांनी किती कुत्र्यांचे केस तोललेत, विचार. म्हणे तीन-चार वेळा नेऊन बसवा! चांगली पूडल जिच्याकडे मिळतात ती बाई इथे गावाबाहेर राहते, तुझ्यापासून बसने सहा तास. छातीचं पोर चार वेळा हिंदकळत आणायचं का? त्यापेक्षा कुत्र्याच्या आधी कुत्र्याचे केस येतील. सोबत पाच पाकिटं आहेत. एकेक पाकीट तीन रात्री तिच्या उशीच्या अभ्र्यात ठेव आणि काय होतं ते तारीखवार लिही. मला अंदाज नको, नोंद हवी.

दादा


८ एप्रिल

दादा,

पंधरा रात्रींची नोंद: पहिलं पाकीट, काही नाही. दुसरं, काही नाही. तिसऱ्याला एकदा शिंकली, पण त्या दिवशी शेजारी रंगकाम चालू होतं. चौथं, पाचवं, काही नाही. शिट्टी म्हणते पाकिटांना छान वास येतो. लॅब्रडॉरच्या केसांवरसुद्धा पोर गाढ झोपली. मग एवढं तोलायचं कशाला होतं रे?

डॉक्टरीणबाई अजून माझ्या मनातून जात नाहीत. पण शिट्टीने कॅलेंडरवर रोज एक फुली मारली आहे आणि पंधराव्या फुलीच्या जागी कुत्र्याचं तोंड काढलंय. मी हो म्हणाले. बावीस तारखेला हे तिकडून माल घेऊन निघतील, केबिनमध्ये जागा आहे.

चिमी


२१ एप्रिल

चिमे,

झालेलं: एक पट्टा, चामड्याचा, दुहेरी शिवणीचा, त्याला पितळी कडी. एक लाकडी खोकं, आत घोंगडी, चारी कोपऱ्यांना वारा जायला भोकं. बाकी हिशेब पुढच्या वेळी.

नर आहे, दीड वर्षाचा, रंग भिजवलेल्या मातीसारखा. कुत्रेवाल्या बाईकडची नऊ बघितली. हा एकटाच ओरडत अंगावर आला नाही. जवळ येऊन माझा खिसा हुंगला आणि शेजारी उभा राहिला. मी चाललो तर चालला, थांबलो तर थांबला. शिट्टीने सांगितलेलं हेच ना? त्याच्या अंगावरून चाळीस हात फिरवले. तीन शतांश भरले नाहीत, दोन भरले!

दादा


२९ एप्रिल

दादा,

आला. ट्रकमधून उतरला तेव्हा सहा तासांच्या धुळीने त्याची एक गाठ झाली होती. मी म्हणाले, “हे कुत्रं आणलंय का पायपुसणं?” शिट्टी म्हणाली, “पायपुसणं नाही, गुंता आहे.” नाव तेच राहिलं. “गुंता, इकडे ये” म्हटलं की शेजारचे आजोबा दचकून बघतात, यांच्या घरात कसला गुंता झाला म्हणून.

दोघं संध्याकाळी रस्त्याच्या टोकापर्यंत जातात. ती दमली की तो बसतो. त्याला कोणी शिकवलं देव जाणे. काल मी खिडकीतून बघत होते आणि भाजी करपली.

मामा, मी शिट्टी. गुंता माझ्यापेक्षा हळू चालतो!!! पहिल्यांदाच मी कोणालातरी म्हटलं, चल लवकर.


६ मे

चिमे,

कोटाचे चोवीस, बुटांचे चाळीस, घराला लागलेल्या हसण्याचं वजन करता आलं नाही. शिट्टीच्या तीन उद्गारचिन्हांचं पत्र मी घड्याळजीला वाचून दाखवलं.

एक सांगायचं राहिलं. ज्याचा केस गळत नाही त्याचा मेलेला केस तिथेच कुरळ्यात अडकून राहतो आणि त्याच्या गाठी होतात. रोज विंचरावं लागेल. दर दीड महिन्याला कापावंही लागेल. माझा साधा ब्रश वरून घसरेल. याच्यासाठी वेगळा ब्रश करायला घेतला आहे.

आणखी एक बातमी. ब्रशचे घाऊक व्यापारी, ज्यांना सगळे शेठ म्हणतात, ते परवा दुकानात आले होते. तक्त्यासमोर दहा मिनिटं उभे राहिले. म्हणाले, “हे तुम्ही एकट्याने केलं? कुठे शिकलात?” मी म्हटलं, कुठेच नाही. ते म्हणाले, “याचं काहीतरी करायला हवं.”

दादा


२४ मे

दादा,

सगळं छान.

पडदे उतरवले, धुवायचे होतेच. शिट्टीच्या खोलीतली सतरंजीही काढली. गुंता आता गॅलरीत झोपतो, त्याला वारा आवडतो. मी हल्ली शिट्टीच्या खोलीत खाली गादी टाकते, आमच्या खोलीत उकडतं.

सहज विचारते. डेपोत एकीने कुत्रं आणलंय आणि आता तिला ठेवता येत नाही. समजा कोणाला तुझ्याकडे कुत्रं ठेवायचं झालं, तर वहिनी काय म्हणेल?

चिमी


१ जून

चिमे,

कोटाचे तीस. बुटांचे पंचावन्न. गाठींचा ब्रश, पहिला नमुना, फसला. दुसरा, त्याहून फसला.

पडदे धुतेस हे चांगलं. धुतलेल्या घरात कुत्र्याचा केस उठून दिसतो, मोजायला बरं. गॅलरीत मात्र नको. उन्हाने केस तडकतो.

तुझ्या त्या डेपोतल्या बाईला सांग की कुत्रं आणण्याआधी विचार करायचा असतो. कोणीतरी केस गळत नाहीत म्हणालं आणि आणलं, असंच झालं असणार. चार रविवार घालवले असते तर आज दारोदार विचारत फिरावं लागलं नसतं. मी इथे धर्मशाळा उघडलेली नाही.

शेठ पुन्हा आले होते. तक्ता छापायचा म्हणतात, माझ्या नावासकट.

दादा


९ जून

मामा,

हे पत्र मी आईला न सांगता लिहिते आहे. पत्ता तुझ्या पाकिटाच्या मागून उतरवला.

आधी यादी. माझ्या हाताने झालेलं: गुंताच्या गाठी सोडवल्या चौदा. कापाव्या लागल्या दोन. एक नोंदवही.

गुंता आला त्याच्या तिसऱ्या दिवसापासून माझी शिट्टी वाजते. आधी थोडी, मग रोज. १९ मेच्या संध्याकाळी मला दवाखान्यात नेलं आणि रात्रभर ठेवलं. तोंडाला नळी लावून वाफ देत होते. आई म्हणाली, मामाला लिहायचं नाही, तो स्वतःला खात बसेल. पण तुला नोंद हवी असते, म्हणून लिहिते.

मी केस शोधले. उशीवर, फरशीवर, माझ्या कपड्यांवर. सहा आठवड्यांत सापडले अकरा. तुझा तक्ता बरोबर आहे. पण गुंता मला मनगटावर चाटतो, आणि जिथे चाटतो तिथे लाल गांधी उठतात. मी बाबांच्या भिंगातून बघितलं, तिथे एकही केस नव्हता. मग डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, त्रास केसाने होतच नाही. त्याच्या थुंकीत आणि कातडीच्या कोंड्यात जे असतं त्याने होतो. केस नुसता ते घेऊन फिरतो. आणि थुंकी प्रत्येक कुत्र्याला असतेच.

तेव्हा मला तुझी पाकिटं आठवली. त्यांना साबणाचा वास होता.

मामा, तू केस धुतले होतेस का?

आई म्हणते त्याला परत देऊ. कुत्रेवाली बाई फोनवर म्हणाली, “परत घेते, पण माझ्याकडे जागा नाही, जो पहिला येईल त्याला देईन.” मला गुंता जायला नको आहे, आणि मला श्वासही हवा आहे. हे तुझ्या तराजूवर तोलता येईल का?

शिट्टी


११ जून

शिट्टे,

होय. धुतले होते. साबणाने धुतले, सोड्यात उकळले, सावलीत वाळवले. मग तुझ्या उशीत ठेवायला पाठवले.

तुझं पत्र दुपारी आलं. वाचून मी तक्त्यासमोर जाऊन उभा राहिलो. तीन शतांश अजूनही तीनच आहे. आकडा खोटा नाही, पोरी. जे तोलायला हवं होतं ते मी मोरीत ओतलं आणि जे उरलं ते तीनदा तोललं. ‘मळ सोडून वजन’ हा माझा नियम ब्रशासाठी सोळा आणे खरा आहे. तुझ्या छातीसाठी मळच सगळं काही होता. डॉक्टरीणबाईंनी हेच सांगितलं होतं, फक्त ग्रॅममध्ये सांगितलं नव्हतं, म्हणून मला ऐकू आलं नाही.

केसाने गळा कापणं म्हणतात ना, तो मी तुझा कापला. आणि तोही धुतलेल्या केसाने.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नाही, ते माझ्या तराजूवर तोलता येत नाही; पण तोलायची गरजही नाही. श्वास पहिला. शनिवारी सकाळच्या बसने येतो आणि गुंताला घेऊन जातो. जो पहिला येईल त्याला द्यायचं असेल, तर पहिला मी आलो. तोवर त्याला गॅलरीतच राहू दे, आणि तू चाटू देऊ नकोस, कितीही लाडात आला तरी.

वहिनीला मी विचारलं नाही, सांगितलं. ती म्हणाली, “तुमच्या चिमीच्या पत्रातली ती डेपोतली बाई चिमीच आहे, हे मला त्याच दिवशी कळलं होतं.” तिने आयुष्यात कधी काही तोललेलं नाही.

तुझा मामा


२७ जून

दादा,

तुझं शिट्टीला आलेलं पत्र मी वाचलं. तिनेच दाखवलं, वर म्हणाली, “आता रागव.” कोणावर रागवू?

तू आलास त्या दिवशी मला पाळीवर जावं लागलं, बोलणं झालंच नाही. म्हणून लिहिते. तू धुतलेस, ते चुकून. मी लपवलं, ते जाणून. १९ तारखेची रात्र काढून आले आणि २४ला तुला ‘सगळं छान’ लिहिलं. तू इतका खुशीत होतास की माझी छाती झाली नाही. आणि पोर म्हणत होती, “आई, आणखी आठ दिवस, कदाचित जाईल.” आठाचे पंधरा झाले. तेव्हा हिशेब दोघांच्या नावावर मांड.

तू डॉक्टरीणबाईंकडे गेला होतास, हे मला त्यांच्याकडून कळलं. म्हणाल्या, “तुमचे भाऊ रांगेत दीड तास बसले, सगळ्या रडक्या पोरांच्या मध्ये. आत आले, उभ्यानेच माफी मागितली. मग वही काढली आणि मला बावीस प्रश्न विचारले.” हसत होत्या. पण हेही म्हणाल्या, “एवढे प्रश्न आधी आले असते तर.”

तुझी गाडी सुटली तेव्हा मी पाळीवर होते. चार नंबरच्या फलाटाची गाडी मीच माइकवर पुकारली. रोज शंभर गाड्या पुकारते, ही दोनदा पुकारली. खिडकीतून तुझ्या मांडीवरचं ते मातकट डोकं दिसलं. ते माझ्या आवाजाकडे वळलं, रे. माइकवरच्या.

शिट्टीचं बरं आहे. पंप रोज दोन वेळा होता तो आता गरजेपुरता. घर पूर्ण निवळायला काही महिने लागतील म्हणतात, त्याचं ते थुंकी-कोंडा सगळं भिंतींत बसलेलं असतं. शाळेतून आली की कुलूप उघडण्याआधी क्षणभर थांबते, आतून नखांचा आवाज येतो का ऐकायला. मग उघडते.

आणि एक. तुझ्या त्या पत्रात यादी नव्हती. मी यादी कधी वाचत नाही, पण ती नव्हती तेव्हा मी घाबरले. पुन्हा लिहायला लाग.

चिमी


२० ऑगस्ट

चिमे,

हाताने झालेलं: एक ब्रश.

इतर ब्रश झालेच, पण ते रोजचे. हा सातवा नमुना. चामड्याच्या गादीत बोथट तारा, टोकाला किंचित वाकवलेल्या, मधून मधून डुकराचा राठ केस. तार गाठ उकलते, केस कोंडा बाहेर ओढतो. गुंता पहिल्या पाच नमुन्यांना पळून गेला, सहाव्याला उभा राहिला, सातव्याला झोपला. परीक्षक तोच.

तो दुकानात माझ्या बाकाखाली असतो. रोज सकाळी बाहेर अंगणात विंचरतो. निघतं ते धूत नाही. तसंच पारड्यात टाकतो, कच्चं. केसाचं वजन वेगळं, कोंड्याचं वेगळं, दोन रकाने. केस कधी तीन शतांशाच्या वर गेला नाही. कोंड्याचा आकडा तुला सांगत नाही. तो बघून रोज माझी मान खाली जाते, तेवढं पुरे. वहिनीने त्याला वर यायला बंदी केली आहे आणि स्वतः दिवसातून सहा वेळा खाली येते.

मेहुणे शिट्टीला परवा ट्रकमधून घेऊन आले, ते तुला तिने सांगितलंच असेल. डॉक्टरीणबाईंनी घालून दिलेले नियम मी पाठ केले आहेत: भेट उघड्यावर, अर्धा तास, पंप खिशात, चाटू द्यायचं नाही, नंतर हातपाय धुऊन कपडे बदलायचे. मी घड्याळ लावून बसलो होतो. तिने पट्टा धरला आणि दोघं गल्लीच्या टोकापर्यंत गेली. मध्ये ती थांबली. मी उठून उभा राहिलो. तर श्वासासाठी नव्हती थांबली. तो मागे राहिला होता म्हणून थांबली होती. सत्तावीस मिनिटांनी परत आली. मी तिच्या पाठीला कान लावून ऐकलं. काही वाजत नव्हतं. दर महिन्याला ट्रकची एक फेरी इकडून होते, तेव्हा दर महिन्याला अर्धा तास. थोडं आहे. पण कोणालाही काही लपवावं लागत नाही.

आता शेठचं. ते काल तिसऱ्यांदा आले. हा ब्रश बघितला, बोटांनी चाचपला, गुंताच्या पाठीवरून फिरवून बघितला. त्यांना ब्रश हवा आहे आणि तक्ताही. ब्रशाच्या प्रत्येक डब्यात तक्ता छापून घालणार, माझ्या नावाने, खाली ओळ: ‘केस तोलून सिद्ध केलेलं, दम्याच्या घरातही चालणारं कुत्रं निवडा.’ कुत्रेवाल्या बाईशीही त्यांचं बोलणं झालं आहे. मी म्हटलं, ब्रश घ्या, तो खरा आहे. डब्यावर लिहा की हा गाठींसाठी आहे, छातीसाठी नाही. ते म्हणाले, “अहो, गाठींच्या ब्रशाला कोण विचारतो? लोकांना तक्ता हवाय. आकडे तर तुमचेच आहेत, खोटे थोडेच आहेत?”

खोटे नाहीत. तेच तर.

चिमे, तुला खरं सांगतो. कुठल्याही शाळेत न गेलेल्या माणसाचं नाव हजारो डब्यांवर छापून येणार होतं. रात्री वहिनीशी बोललो. ती म्हणाली, “छापा की, पण शिट्टीला एक डबा पाठवून मग छापा.”

तक्ता मी काढला नाही. भिंतीवरच आहे. त्यावर आडवं, लाल रंगात, त्या चपट्या ब्रशाने मोठ्या अक्षरात लिहिलं आहे: हे केस धुतलेले होते. गिऱ्हाईक विचारतं, म्हणजे काय? मी सांगतो. पहिल्यापासून सांगतो, तुझं नाव न घेता.

शेठ आज सकाळी उत्तर मागायला आले, तेव्हा त्यांनी तक्ता वाचला. मग पैशांचा आकडा वाढवला. मी नाही म्हणालो. तुला कळावं म्हणून लिहितो, कारण आपल्यात यापुढे काही लपवायचं नाही असं ठरलं आहे: ब्रश आणि तक्ता मिळून एक लाख चाळीस हजार.

तुझा दादा